‘गावात’ की ‘गावाकडं’? स्थलांतर आणि कवितेतलं आपलेपण

मांजराकाठी
कविता वाचनाच्या गटासाठी ‘स्थलांतर’ या विषयावर मराठवाड्यातल्या कविता आणि ओव्या गोळा करणं चालू आहे. लिखित, तोंडी, दोन्ही. वाचताना एक गोष्ट सारखी अडते, म्हणून हा धागा.

बहुतेक छापील कवितांत गाव एकसारखंच दिसतं. वेस, पार, पिंपळ, आड, आईचा पदर, धुळीची वाट. कवी चाकणला असो की भिवंडीला, गाव तेच. सोडून आलेल्या माणसाच्या मनात गाव थिजतं, हे समजतं. पण मराठवाड्यातली निम्मी जाणारी माणसं गाव कायमचं सोडतच नाहीत. दसरा-दिवाळीला जातात, गुढीपाडव्याच्या आगेमागे येतात. मग त्यांच्या कवितेत गाव थिजायला वेळ मिळतो कुठं?

प्रश्न असा: स्थलांतरानं कवितेतलं ‘आपलं गाव’ घडतं की मोडतं? आणि ते कवितेत नेमकं कुठं दिसतं? वर्णनात, की आणखी कशात?

माझा अंदाज सांगते. ते वर्णनात दिसत नाही, व्याकरणात दिसतं. ‘गावात पाऊस पडला’ म्हणणारा गावातच आहे. ‘गावाकडं पाऊस पडला’ म्हणणारा बाहेर आहे. एका प्रत्ययात माणूस कुठं उभा आहे ते कळतं. पुष्कळ कवी चाकणमध्ये बसून ‘गावात’ लिहितात आणि कविता खोटी वाजते.

गुलमंडी
‘गावाकडं’चा मुद्दा एकदम पटला. वाचतोय.

बालाघाटी
याला जोडून क्रियापदं बघा. बीड, परभणीकडं मुलाची चौकशी केली तर घरचे म्हणतात, ‘पुण्याला असतंय’. ‘पुण्यात राहतो’ असं सहसा म्हणत नाहीत. ‘राहणे’ म्हणजे बिऱ्हाड मांडलं. ‘असणे’ म्हणजे सध्या तिकडं आहे, हिशोब अजून इकडंच. दहा वर्षं झाली, फ्लॅट घेतला, तरी आईच्या तोंडी ‘असतंय’च.

‘स्थलांतर’ हा शब्दही कोणी वापरत नाही. तीन वेगळे शब्द आहेत आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. दुष्काळात घरदार बंद करून गेले की ‘जगायला गेले’. ऊसतोडीला गेले की ‘कारखान्याला गेले’. शिकायला किंवा नोकरीला गेला की नुसतं शहराचं नाव आणि ‘असतो’. या तिन्हींची कविता एका मथळ्याखाली ठेवली तर घोळ होणारच.

पूर्णामाय
बालाघाटी, तीन नाही, चार. सगळ्यात जुनं स्थलांतर राहिलंच. बाईचं. लग्न झालं की ती गाव बदलते, पुष्कळदा नावही बदलतं. जात्यावरची निम्मी ओवी याच एका गोष्टीवर उभी आहे. तिथं ‘माहेर’ ही जागा आहेच, त्याबरोबर ती वाट आहे, भाऊ आहे, आणि भाऊ न आल्याची खंतही आहे.

त्या ओवीत परतीसाठी एक माणूस नेमलेला असतो: मुराळी. लेकीला न्यायला येतो तो. छापील स्थलांतराच्या कवितेत असा माणूस नाही. तिथं एक जण एकटाच आठवत बसतो. ओवीत आठवण येते तीही कोणाला तरी सांगितली जाते. सये, बंधवा, बाळाई, कोणीतरी ऐकतं आहे.

कवडसा
पूर्णामाय, सासर-माहेर आणि पोटासाठी जाणं या दोन गोष्टी एका तागडीत घालता येतील का? माहेर सोडणं हा रिवाज आहे, उसाचा फड गाठणं ही गरज. एकात हळद असते, दुसऱ्यात कर्ज.

पूर्णामाय
तागडीत घालत नाही, कवितेचा साचा एकच आहे एवढंच म्हणते. फडावर जाणारी बाई जेव्हा काही गाते तेव्हा तिच्या हाताशी माहेरच्या ओवीचाच साचा असतो. वेगळा साचा तिला कोणी दिलेला नाही. त्याच साच्यात ती कारखाना बसवते. बसवताना काय मोडतं ते बघायचं. तुमच्या ‘हळद आणि कर्ज’वरूनच दोन ओळी बांधून दाखवते, जुन्या नाहीत, आत्ता केल्यात:

मुराळी आला दारी, बैलं सोडी सावलीला
मुकादम आला दारी, नोटा मोजी चावडीला

दोघंही न्यायलाच येतात.

गुलमंडी
वा. दोघंही न्यायलाच येतात, हे लक्षात राहील.

बालाघाटी
ओळी चांगल्या आहेत, पण ‘चावडीला’ खटकतं. उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम, चावडीवर दिली जात नाही. टोळी जमवणारा मुकादम पुष्कळदा त्याच गावचा किंवा नात्यातला असतो. तो घरी येतो, चहा घेतो, आणि व्यवहार घरात होतो. चावडी फक्त ‘सावली’शी यमक जुळावं म्हणून आलीय. ‘ओसरीला’ करा. मुराळीही ओसरीवरच बसतो, मुकादमही. एकाच ओसरीवर दोघं आले की तुमचा मुद्दा आणखी घट्ट होतो.

पूर्णामाय
मान्य. ‘नोटा मोजी ओसरीला’. अक्षरंही आठच राहतात.

देगलूरकर
अक्षरांचं निघालंच आहे म्हणून. पहिल्या ओळीचा पहिला तुकडा सातच भरतो: मु-रा-ळी-आ-ला-दा-री. बाकी तिन्ही तुकडे आठ-आठ.

पूर्णामाय
बरोबर मोजलंत, पण ओवी कागदावर मोजायची नसते. गाताना ‘मुराळी गं आला दारी’ होतं आणि आठ भरतात. ओव्या उतरवून घेताना हीच चूक सर्रास होते. बाईला ‘सांगा’ म्हटलं की ती ‘गं’, ‘बाई’, ‘सांगते’ हे सगळं गाळून अर्थाचे शब्द तेवढे सांगते. मग संपादक म्हणतो, छंद मोडका आहे.

मांजराकाठी, तुम्ही तोंडी ओव्या गोळा करताय म्हणून क्रम लिहिते. आधी गाऊन घ्यावं, ध्वनिमुद्रण पूर्ण करावं, मधे थांबवू नये. लेखन त्या ध्वनीवरून करावं, बाईंनी नंतर सांगितलेल्या पाठावरून नाही. सांगितलेला पाठ वेगळा लिहून शेजारी ठेवावा, अर्थ लावायला तो लागतो. गिरणी आल्यापासून जातं कोपऱ्यात गेलंय. रिकाम्या हातानं गाताना लय सुटते आणि पुढची ओळ आठवत नाही. जातं असेल तर मूठभर ज्वारी घालून फिरवायला द्यावं, कोरडं फिरवू नये, पाळू घासते आणि आवाजात ओवी बुडते. जातं नसेल तर सूप किंवा नुसतं गुडघ्यावर हात. दोघी असल्या तर उत्तम, एकीनं उचललं की दुसरीला आठवतं.

‘स्थलांतराच्या ओव्या म्हणा’ असं विचारलं तर एकही मिळणार नाही. ‘बंधवाच्या म्हणा’, ‘माहेरच्या वाटंच्या म्हणा’, ‘कारखान्याच्या हायत का’ असं विचारावं. आणि नोंदीत एक गाव लिहून भागत नाही. माहेर, सासर आणि गात्या वेळी मुक्काम, तिन्ही रकाने हवेत. ओवीत ‘माझं गाव’ आलं की या तिघांतलं कोणतं, हे त्याशिवाय कळत नाही.

गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी उभारलेला ओव्यांचा संग्रह एक लाखाच्या वर आहे, त्यातल्या निवडक ओव्या ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ध्वनीसह ऐकता येतात. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या तिथं आहेत, त्या आधी ऐका. माहेरच्या साच्यात बाबासाहेब कसे येतात हे ऐकण्यासारखं आहे.

मांजराकाठी
तीन रकान्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. आजपासून वहीत आखते.

नागसेनवन
आतापर्यंतच्या चर्चेत ‘आपलं गाव’ हे शब्द सगळ्यांनी सहज वापरलेत. तिथंच थांबायला हवं.

वेस आणि पार कवितेत येतात तेव्हा ती वेस कोणाला ओलांडता येत होती आणि त्या पारावर कोण बसत होतं, हा प्रश्न दलित कवितेनं विचारला. गावकुसाबाहेर ज्याचं घर, त्याच्यासाठी ‘गाव’ आणि ‘वाडा’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘गावात जाऊन येतो’ हे वाक्य तो गावातच राहून म्हणतो. मांजराकाठींचा प्रत्ययाचा नियम इथं उलटा होतो. माणूस कुठंही गेला नाही, तरी गाव ‘तिकडं’ आहे.

४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचा गौरव करणाऱ्यांना उत्तर देताना खेड्याला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर म्हटलं. दोनच वर्षांत, १९५० मध्ये, औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झालं. मराठवाड्यातल्या वाड्यावस्त्यांवरची मुलं वळकटी घेऊन महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरात आली. साठच्या दशकाच्या अखेरीस डॉ. गंगाधर पानतावणे यांनी याच शहरातून ‘अस्मितादर्श’ सुरू केलं आणि त्यात एक पिढी लिहिती झाली. या कवितेत जाणं म्हणजे काही हरवणं नाही. मिळवणं आहे. तिथं आपलेपणाची जागा वसतिगृह आहे, ग्रंथालय आहे, आणि नामांतराच्या लढ्यानंतर विद्यापीठाचं प्रवेशद्वार. १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा विधिमंडळाचा ठराव झाला, नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. आजही त्या तारखेला माणसं त्या दारापाशी जमतात. जन्मगाव नसलेल्या ठिकाणी दरवर्षी परत जाणं, हीसुद्धा वारीच आहे.

वहीत ‘विरह’ हा एकच भाव धरून कविता निवडल्या तर हा सगळा भाग बाहेर राहील.

कवडसा
हे वाचून मी लिहिलेली एक ओळ खोडली. तीत पार होता.

बालाघाटी
नागसेनवन यांच्याशी सहमत, आणि एक भर. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घ्या. मुंबईला आलेल्या कामगाराचा विरह म्हणून सुरू होते. पुढं मुंबईचा लढा येतो, आणि शेवटाकडं मैना म्हणजे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव होतात. बाईचा विरह नकाशाचा होतो. विरह चालेल, पण तो कुठं जाऊन पोचतो ते बघायचं. आणि पहिल्या ओळीतला प्रत्यय बघा: गावा‘वर’. ‘गावात’ही नाही, ‘गावाकडं’ही नाही.

खुलताबादी
चर्चा फार अलीकडची चालली आहे. मराठवाड्यात माणसं नुसती इथून बाहेर गेली असं नाही, बाहेरून इथंही आली, आणि कविता दोन्ही वेळा झाली.

१३२७ ला मुहम्मद तुघलकानं दौलताबादला राजधानी केली. दिल्लीची माणसं आली, त्यात कवी, सूफी होते. निजामुद्दीन औलियांचे शिष्य आणि फारसी कवी अमीर हसन सिज्झी त्यातलेच, त्यांची कबर खुलताबादला आहे. राजधानी परत गेली, बरीच माणसं राहिली. त्यांच्या बोलीत इथली मराठी मिसळली आणि दखनी वाढली. दखनीत नकार ‘नको’नं होतो, जोर द्यायला ‘इच’ लागतं, हे आपलं ‘च’. व्याकरण दिल्लीकडचं, पण नाही म्हणायचा शब्द गोदाकाठचा. माणूस एखाद्या ठिकाणचा झाला हे कशावरून ओळखायचं, याचं यापेक्षा नेमकं माप मला माहीत नाही.

पुढं वली. औरंगाबादचा म्हणून ओळखला गेलेला हा दखनी कवी १७०० च्या सुमारास दिल्लीला गेला. त्याच्या गझलेनं तिथल्या फारसीत लिहिणाऱ्या कवींना आपल्या बोलीत लिहायचं धाडस दिलं. याच वलीनं गुजरातच्या विरहावर कविता लिहिली आणि सुरतेच्या वर्णनावर मसनवी, म्हणजे दीर्घ काव्य. देह अहमदाबादला ठेवला. तिथली त्याची मजार २००२ मध्ये पाडली गेली. नावात एक गाव, विरहात दुसरा प्रांत, आणि मातीत गेलं ते ठिकाणही आता राहिलं नाही. वली ‘कोणाचा’ यावर अभ्यासक अजून वाद घालतात. त्याच्या कवितेला तो वाद पडलेला नाही.

आणि आझाद बिलग्रामी. जन्म १७०४, उत्तरेतल्या बिलग्रामचे. औरंगाबादला येऊन राहिले, १७८६ ला गेले, खुलताबादला दफन. त्यांनी अरबीत लिहिताना हिंदुस्थानाची थोरवी मांडली. आदम स्वर्गातून उतरला तो याच भूमीवर, या परंपरेचा आधार घेतला, आणि आपल्याकडचे अलंकार, नायिकाभेद अरबी वाचकाला समजावून दिले. आपल्या भूमीशी असलेलं नातं सांगायला त्यांनी दूरची भाषा निवडली. स्थलांतराची कविता मातृबोलीतच खरी होते असं समजणाऱ्यांनी यांचा विचार करावा.

शेवंता
‘नको’बद्दल वाचून छान वाटलं. हैदराबादला आजही सर्रास ऐकू येतं.

देगलूरकर
खुलताबादींच्या ‘नको’ला इकडून एक जोड आहे. नामदेव.

नामदेवांचं गाव म्हणून हिंगोलीजवळची नरसी मानतात (पंढरपूर म्हणणारेही आहेत). ते पंजाबात गेले, घुमानला राहिले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. भाषा उत्तरेतली. पण त्या भाषेत मधेच ‘बीठलु’ येतो. सगळी भाषा बदलली, विठ्ठल तेवढा बरोबर नेला, आणि तोही तिथल्या उच्चारात बसवला.

पुढचा भाग नांदेडचा. १७०८ ला गुरू गोविंदसिंगांनी इथं देह ठेवला, त्याआधी ग्रंथालाच गुरुपद दिलं. म्हणजे नरसीचे शब्द पंजाब फिरून, गुरुमुखी लिपीत, गोदावरीच्या काठी परत आले. हुजूर साहिबला ग्रंथाचा पाठ चालतो तेव्हा त्यात ते असतात. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीत तेच नामदेव अभंगातून गायले जातात. २०१५ चं अखिल भारतीय साहित्य संमेलन घुमानला झालं तेव्हा याची चर्चा झाली, पण परतीच्या निम्म्या प्रवासाबद्दल फार कोणी बोललं नाही.

म्हणून मांजराकाठींच्या प्रश्नाला माझं उत्तर: कवितेत गाव शोधू नका, बरोबर नेलेला एक शब्द शोधा. तो परक्या वाक्यात कसा बसलाय ते बघा.

पूर्णामाय
मग जनाबाईही घ्या. गंगाखेडची पोर, लहानपणी पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली. तिच्या नाममुद्रेत गंगाखेड नाही. ‘नामयाची दासी’ आहे. दळण, कांडण, शेणी, सगळी कामं आहेत, जन्मगाव नाही. ज्या घरात राबली त्या घरावरून तिनं स्वतःची ओळख सांगितली, आणि त्याच राबण्यात विठ्ठलाला दळायला बसवलं. परक्या घरात आपलेपण मागून मिळत नाही, ते असं कामातून उभं करावं लागतं, हे तिनं लिहून ठेवलंय.

कवडसा
एक मसुदा टाकतो. फडावर गेलेल्या आईबापांमागं राहिलेल्या मुलाच्या तोंडी आहे. चुका दाखवा.

येळवशीला माय शेतात उंडे वाटते,
बाप फडात कोयत्यानं मोळी बांधतो,
आणि मी गावात बसून
दोघांची वाट बघतो.

बालाघाटी
कवडसा, चार ओळींत तीन अडचणी आहेत.

एक. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षाच्या शेवटी येते, डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा हंगाम भर रंगात असतो. टोळीतलं कोणी गावाकडं नसतं. बाप फडात आणि माय गावातल्या शेतात, हे होत नाही. ‘कोयता’ म्हणजे फडाच्या हिशोबात नवराबायकोची जोडी. एकटा माणूस असला तर ‘अर्धा कोयता’. उचल जोडीवर घेतलेली असते. बाप फडात म्हणजे माय फडातच.

दोन. मोळी कोयत्यानं बांधत नाहीत. कोयत्यानं बुडाशी तोडायचं, पाचट साळायचं, शेंडा उडवायचा. मोळी बांधतात ती वाढ्यानं, म्हणजे त्या उडवलेल्या हिरव्या शेंड्यानंच. दोन वाढ्यांना पीळ देऊन आळा करतात. उरलेलं वाढं बैलांना घालतात किंवा विकतात. ऊस बांधायचा दोर उसातूनच निघतो, बाहेरून काही आणावं लागत नाही. हे कवितेत आलं पाहिजे असं नाही, पण माहीत पाहिजे.

तीन. येळवस लातूर, धाराशिव आणि त्यांना लागून असलेल्या भागाचा सण. आष्टी-पाटोद्याकडचा मुलगा बोलत असेल तर ती त्याच्या तोंडी शोभणार नाही. मुलगा कुठला ते ठरवा.

एकूणच कारखान्याच्या कवितेत सणांचं पंचांग तपासून घ्यावं. नागपंचमी, पोळा, गणपती गावात. दिवाळी कधी गावात, कधी वाटेत. येळवस, संक्रांत, बहुतेक वेळा होळी फडावर. पाडव्याच्या आगेमागे पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि टोळ्या परततात. या माणसांचं आपलेपण असं निम्म्या-निम्म्या सणांत वाटलेलं आहे. थिजलेलं गाव लिहिणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण ते सगळे सण गावात घालतात.

तांडेकर
होळीचा मुद्दा आमच्या भाषेच्या अंगानं. आम्हा बंजाऱ्यांच्या गोरबोलीत होळीला लेंगी गातात, आणि लेंगीला माणसांचा जथा लागतो, एकट्यानं ती होत नाही. होळी हंगामाच्या शेवटाकडं येते. निम्मा तांडा फडावर असला तर लेंगी कुठं होणार, हा दरसालचा प्रश्न असतो. नवरीच्या ढावलोचं तसं नाही, तो रडून गायचा प्रकार, एका गळ्यावरही उभा राहतो.

दुसरं, ‘तांडा’ हा शब्दच बघा. लदेणीच्या काळात, बैलांवर धान्य-मीठ लादून नेणाऱ्या चालत्या काफिल्याला तांडा म्हणायचे. आता डोंगरकडेला कायम वसलेल्या वस्तीचं नाव तांडा आहे. चालण्याचा शब्द थांबण्याला लागला, आणि थांबलेला तांडा पुन्हा कारखान्याला निघाला. तीच माणसं, तीच बोली, तीच गाणी. महाराष्ट्रात विमुक्त जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती. कागद राज्यागणिक बदलतो, ढावलो बदलत नाही. संग्रह करताना जिल्ह्यावार फायली लावल्या तर हे तुटेल. बोलीवार लावा.

मांजराकाठी
तांडेकर, गोरबोलीतली गाणी देवनागरीत लिहून घेताना काही खबरदारी?

तांडेकर
मराठी शब्द समजून दुरुस्त करू नका, एवढं पुरे. ऐकू आलं तसं लिहा, अर्थ शेजारी मराठीत द्या, आणि गाणाऱ्यालाच परत वाचून दाखवा. ओळखीचा वाटणारा शब्द बहुतेक वेळा वेगळ्या अर्थाचा निघतो.

शेवंता
आमच्याकडं येळवशीला शेतात कडब्याची कोप करतात, त्यात पाच दगड, पांडव म्हणून, चुन्यानं रंगवून मांडतात. आंबील शिंपतात. बालाघाटी, फडावर टोळी राहते तिलाही कोपच म्हणतात ना?

बालाघाटी
हो. कोप, कोपी. पूर्वी चटई-पाचटाची, आता वरून ताडपत्री किंवा प्लॅस्टिक. शब्द तोच. शेवंता, हे आजवर ध्यानात आलं नव्हतं.

देगलूरकर
बरोबर नेलेला शब्द सापडला.

नागसेनवन
फक्त ‘बरोबर नेलेला’ म्हणताना एक जपा. येळवशीची कोप स्वतःच्या शेतात होते. फडावर जाणाऱ्या पुष्कळ घरांना शेत नाही, किंवा आहे ते कोरडवाहू तुकडा. ज्याला शेत नाही त्याला पहिली कोप दुसऱ्याच्या बांधावरून बघायला मिळते. कवितेतल्या मुलाला शेत आहे की नाही, हे कवडसा यांनी ठरवायला हवं. दोन्ही चालेल, पण ठरवायला हवं.

कवडसा
ठरवलं. मुलगा कळंबकडचा, आज्जीजवळ राहिलेला. शेत आहे, दीड एकर, पाणी नाही. म्हणून येळवसही आहे आणि उचलही. पुन्हा लिहिलं:

येळवशीला आज्जीनं कडब्याची कोप केली,
पाच दगडं मांडले, आंबील शिंपली.
मायचीबी कोप हाय,
फडाच्या कडंला, पाचटाची.
तिच्यात कोण मांडलंय
आज्जी सांगत न्हाई.
गाव सुनं सुनं वाटतंय.

पूर्णामाय
शेवटची ओळ काढा. ‘सांगत न्हाई’वर थांबा. आज्जी गप्प बसली की वाचकाला सगळं कळतं, सुनं वाटतंय हे परत सांगायला नको. आणि ‘मायचीबी’ तसंच ठेवा, ‘आईचीसुद्धा’ करू नका. त्या ‘बी’मुळं दोन्ही कोपी एका रांगेत येतात.

बालाघाटी
‘पाचटाची’ बरोबर. पण ताडपत्रीचा उल्लेख आला तर काळ कळेल. नाही आला तरी अडत नाही.

खुलताबादी
मला ही कविता मांजराकाठींच्या मूळ प्रश्नाकडं परत नेते. यात ‘आपलं गाव’ हे शब्द नाहीत, ‘गावात’ नाही, ‘गावाकडं’ही नाही. एक शब्द दोन ठिकाणी ठेवलाय. त्या दोन जागांमधलं अंतर म्हणजे या मुलाचं गाव. तुघलकाच्या वेळी आलेल्यांनी ‘नको’ उचलला, नामदेवांनी ‘बीठलु’ नेला, तसंच. गाव मोडलं असं म्हणवत नाही, आणि घडलं म्हणावं तर तो मुलगा वर्षातले सहा महिने आईविना आहे. घडलं म्हणून कौतुक करायची घाई करू नये.

मांजराकाठी
‘घडतं की मोडतं’ हा प्रश्नच मी चुकीचा विचारला होता. वहीची मांडणी आता बदलते. ‘स्थलांतर’ हा मथळा काढला. त्याऐवजी क्रियापदांवरून विभाग: ‘जगायला गेले’, ‘कारखान्याला गेले’, ‘असतो’, ‘नांदायला गेली’, आणि नागसेनवन यांच्या मुद्द्यासाठी ‘शिकायला गेला’ वेगळा, ‘असतो’मध्ये मिसळणार नाही. बाहेरून इथं आलेल्यांचा ‘आले आणि राहिले’. प्रत्येक नोंदीला पूर्णामायचे तीन रकाने आणि चौथा, बरोबर नेलेल्या शब्दाचा. फायली बोलीवार. कवडसा, तुमची कविता सहा ओळींची म्हणून घेतेय, सातवी खोडली.

कवडसा
घ्या. ‘दगडं मांडले’ असंच राहू द्या, शुद्धलेखनात ‘दगड’ करू नका.

तांडेकर
लेंगीसाठी विभाग कोणता?

मांजराकाठी
‘कारखान्याला गेले’त घालणार होते. पण लेंगीला जथा लागतो म्हणालात, आणि निम्मा जथा इकडं, निम्मा तिकडं. दोन्ही ठिकाणी झालेली लेंगी वेगवेगळी नोंदवून एकमेकींसमोर ठेवली तर?

तांडेकर
चालेल. मग होळीच्या आधी ठरवावं लागेल कोण कुठं जाऊन मुद्रण करणार ते. फडावर संध्याकाळी जायचं नाही, ट्रक भरायची वेळ कधी येईल सांगता येत नाही आणि कोणाला बोलायला फुरसत नसते. खाडा असेल तो दिवस विचारून घ्या.